एका बिबट्याचे चार नंबर

प्रश्न शिरूर तालुक्यात नुकत्याच रुजू झालेल्या एका पशुधन विकास अधिकारी ताईंचा आहे. त्या विचारतात: "वन्यप्राण्यांच्या रोगांवर देशपातळीवर लक्ष ठेवायचं, समन्वय साधायचा, असं सगळे म्हणतात. म्हणजे नेमकं कोणी काय करायचं? नवीन मोठी राष्ट्रीय संस्था झाली की प्रश्न मिटेल का? आणि तोवर आमच्यासारख्या दवाखान्यात बसणाऱ्यांनी काय करायचं?"

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे, ते आधी देऊन टाकतो: नाही. बाकीचं सावकाश सांगतो.

तीस वर्षं मी जनावरांचा डॉक्टर होतो. त्यातली निम्मीअर्धी वनविभागाचा फोन आला की उठून धावण्यात गेली. त्यातली एकच केस सांगतो, कारण माझं जे काही म्हणणं आहे ते तिच्यातूनच आलंय.

फेब्रुवारी महिना, जुन्नर तालुका, ऊसतोड चालू. सकाळी पावणेसातला वनरक्षकाचा फोन: "साहेब, चारीच्या कडेला बिबट्याची मादी पडलीये. गेली." मी पोचलो तेव्हा गार पडलेली, पण पोट फुगलेलं नव्हतं, म्हणजे फार वेळ झाला नव्हता. तीनेक वर्षांची. तोंडाला फेस, डोळ्यांत चिपडं, मागच्या पायांची नखं मातीत ओढून घासलेली. तोडणी करणाऱ्या बायकांनी सांगितलं की दोन दिवस ती फडाच्या कडेनं झोकांड्या देत फिरत होती, माणसाला बुजत नव्हती. एकीचं म्हणणं, "दारू प्यायल्यावानी चालायची." पोलीस पाटलांना विषप्रयोगाचा संशय. मला आधी वाटलं पिसाळलेली असावी, मग चिपडं पाहून डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांकडून पसरणारा विषाणूचा रोग, मनात आला.

आता गंमत बघा. विषाची शंका असेल तर व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे तुकडे, मिठाच्या संतृप्त द्रावणात घालून न्यायसहायक प्रयोगशाळेला जातो. ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी हवी असेल तर बोटाच्या पेरापेक्षा पातळ तुकडे, फॉर्मॅलिनमध्ये. आणि विषाणू शोधायचा असेल तर फॉर्मॅलिनचा थेंबही लागू द्यायचा नाही, ताजा तुकडा थेट बर्फात. प्राणी एक, बरण्या तीन, पत्ते तीन. त्या दिवशी आमच्याकडे मिठाची बरणी होती, फॉर्मॅलिनची होती आणि बर्फ नव्हता. नारायणगावातल्या एका मासळीवाल्याकडून थर्माकोलचा बॉक्स आणि बर्फ आणायला वनरक्षक मोटारसायकलवर गेला. तो येईपर्यंत मदतीला असलेल्या पोरानं मेंदू आणि फुफ्फुस दोन्ही फॉर्मॅलिनमध्ये टाकून दिलं होतं. मी ओरडलो. तो म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलं होतं ना ट्रेनिंगमध्ये, काहीही असलं तरी फॉर्मॅलिन." खरं होतं. दोन वर्षांपूर्वी मी घाईघाईत घेतलेल्या वर्गात तेच एक वाक्य बोललो होतो. ती चूक माझी, अजून सलते.

उरलेला प्लीहेचा तुकडा बर्फात घालून पाठवला. तो दिवस निघाला दुसरा शनिवार. ज्या प्रयोगशाळेत बॉक्स गेला तिथं घ्यायला कोणी नव्हतं, पहारेकऱ्यानं तो टेबलाखाली ठेवला. सोमवारी उघडला तेव्हा पाणी झालं होतं. सात महिन्यांनी एका ओळीचं पत्र आलं: नमुना तपासणीस अयोग्य. ते पत्रही माझ्याकडे थेट नाही आलं. वनविभागाच्या गुन्हा नोंदीचा नंबर वेगळा, माझ्या शवविच्छेदनाचा वेगळा, टपालाचा जावक नंबर वेगळा, प्रयोगशाळेचा वेगळा. एका बिबट्याचे चार नंबर, आणि हे चारही एकाच प्राण्याचे आहेत हे कळायला ती फाइल आणि मी दोघं एकाच खोलीत असावं लागलं.

आणि खरा घाव पुढं आहे. त्या पत्रानंतर, कशासाठी तरी, मी त्या गावाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचं रजिस्टर चाळत होतो. बिबट्याच्या तीन आठवडे आधी ओळीनं नोंदी: कुत्र्याचं पिल्लू, चार महिने, झटके. कुत्रा, दोन वर्षं, नाक वाहणे, झटके. पिल्लू, झटके, मृत. त्या फडापासून अंतर चार किलोमीटर. लिहिणाऱ्यानं नीट लिहिलं होतं, त्याचं काही चुकलं नव्हतं. ते वाचणारं कोणी नव्हतं एवढंच. कुत्र्यांत डिस्टेंपर चालू असेल आणि ऊसातला बिबट्या रात्री कुत्री उचलत असेल तर पुढं काय होतं ते सांगायला राष्ट्रीय संस्था लागत नाही. मादी डिस्टेंपरनंच गेली असं मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

पुण्यात बसून प्रयोगशाळा कमी आहेत असं म्हणणं तर फारच विनोदी. पशुसंवर्धन आयुक्तालय औंधला, रोग अन्वेषण विभाग औंधला, पश्चिमेकडच्या राज्यांसाठीची विभागीय रोगनिदान प्रयोगशाळा तिथंच. तिथून रिक्षानं थोडं पुढं गेलात की पाषाणला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची, म्हणजे एनआयव्हीची, देशातली सगळ्यात कडक जैवसुरक्षेची प्रयोगशाळा. न्यायसहायक प्रयोगशाळा गणेशखिंडीला. एका दुपारी तिन्हीकडे चहा पिऊन येता येईल. पण एक माणसांच्या आरोग्य संशोधनाच्या परिषदेखाली, दुसरी पशुसंवर्धनाखाली, तिसरी गृहखात्याखाली, आणि मेलेला प्राणी चौथ्याच म्हणजे वनखात्याच्या मालकीचा.

याच पुण्यातून एकेकाळी हे काम किती छान झालं होतं ते तरुण डॉक्टरांना कोणी सांगत नाही, म्हणून थोडं विषयांतर करतो. १९५२ साली इथं व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं, रॉकफेलर फाउंडेशन आणि आपली वैद्यकीय संशोधन परिषद यांचं मिळून. तेच पुढं एनआयव्ही झालं. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलाच्या आसपास माकडं मरायला लागली आणि मागोमाग माणसांना ताप. माकडं आणि माणसं एकत्र म्हटल्यावर पहिली धडकी भरली ती पीतज्वराची, कारण तो तोवर आशियात कधी आला नव्हता. पुण्याची माणसं तिकडं गेली, मेलेल्या माकडांतून आणि आजारी माणसांतून विषाणू वेगळा काढला. निघाला भलताच, रशियाकडच्या गोचीड-तापांचा नातेवाईक. जंगलातल्या गोचिडी गोळा करून वाहक कोणती तेही शोधलं. मग प्रश्न पडला की सायबेरियाकडचा हा भाऊबंद इथं आला कसा, पक्ष्यांवरच्या गोचिडींतून तर नव्हे? त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं सालिम अलींच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं (बीएनएचएस) १९५९ पासून हजारो पक्ष्यांच्या पायांत कड्या घातल्या. भारतातल्या स्थलांतराचं आपलं किती तरी ज्ञान या माकडतापाच्या पोटातून निघालंय.

त्या वेळी 'वन हेल्थ', म्हणजे माणूस, जनावर आणि जंगल यांचं आरोग्य एकच, हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. माकड मेल्याची बातमी आरोग्यवाल्यांनी गांभीर्यानं घेतली, एवढं पुरेसं झालं. पुढं हाच माकडताप २०१५ ला गोव्यात सत्तरीत आणि २०१६ ला आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गला उतरला, काजूच्या बागांत राबणाऱ्या माणसांत. तिथं अजूनही डिसेंबर ते मे हा काळ आला की माकड मेलेलं दिसणं हीच पहिली घंटा असते. पण माकड पडलं वनविभागाच्या हद्दीत, ताप आला आरोग्य उपकेंद्रात, गोचीड चिकटलीये गोठ्यातल्या गाईला. तिघांनी एकाच आठवड्यात एकमेकांशी बोलायला हवं. ज्या तालुक्यात तिघांचा चहा एकत्र होतो तिथं ते होतं. जिथं होत नाही तिथं पत्र जातं.

२०१८ चं गीर तुम्हाला आठवत असेल, तुम्ही तेव्हा कॉलेजात असाल. सप्टेंबरात दलखाणिया रेंजमध्ये काही आठवड्यांत २३ सिंह गेले. सुरुवातीला आपसातल्या मारामारीची चर्चा होती. मग नमुने पुण्याला एनआयव्हीत आले आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर निघाला. अमेरिकेतून लस मागवावी लागली, आसपासचे सिंह पकडून वेगळे ठेवावे लागले. हे अनपेक्षित होतं का? १९९४ ला टांझानियातल्या सेरेंगेटीत याच विषाणूनं हजारेक सिंह, म्हणजे तिथल्या सिंहांपैकी जवळजवळ एक तृतीयांश, मारले होते. चोवीस वर्षं आधी धडा मिळाला होता. जगातले सगळे मोकळे आशियाई सिंह एकाच टापूत राहतात हेही माहीत होतं. माहिती कुठं अडली नव्हती. गावातल्या कुत्र्याची लस कोणाच्या खर्चातून, या प्रश्नावर सगळं अडलं होतं.

तो प्रश्न अजूनही तसाच आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ३३-अ आहे. अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटर परिघात ठेवलेल्या पाळीव जनावरांना साथरोगांच्या लशी टोचण्याची व्यवस्था मुख्य वन्यजीव रक्षकांनी करायची. कलम चांगलं आहे. पण वनखात्याकडे लस टोचणारा माणूस नाही, माणूस तुमच्याकडे. लाळ्या खुरकूतची लस केंद्राच्या योजनेतून येते, ती गाईम्हशींना मिळते. कुत्रा मात्र गाय नाही, म्हैस नाही, पशुधनही नाही आणि वन्यप्राणीही नाही. तो ग्रामपंचायतीचा. आणि ग्रामपंचायतीला विचारलंत तर तो कोणाचाच नाही. माझ्या मते भारतातल्या वन्यप्राण्यांच्या रोगनियंत्रणातलं सगळ्यात मोठं भोक हे एवढंच आहे, आणि त्यावर परिषदांत सगळ्यात कमी बोललं जातं, कारण कुत्र्याचा विषय निघाला की सभा वेगळ्याच वळणावर जाते.

पाळीव जनावरांचा रोग जंगली खुरवाल्यांत जातो याची आठवण पुण्याला २०२५ च्या जुलैत कात्रजला झाली. एका आठवड्यात प्राणिसंग्रहालयातले १६ चितळ गेले. निदान आलं लाळ्या खुरकूतचं, भुवनेश्वरच्या राष्ट्रीय संस्थेकडून. जिथं रोज पाहणारा डॉक्टर आहे आणि प्राणी मोजलेले आहेत, अशा भिंतीच्या आतसुद्धा तो पोचला. मग ताम्हिणीच्या घाटात दोन भेकरं मेली तर ती कोण मोजणार?

संस्थांबद्दल तुमचा प्रश्न होता. त्या होतायत. पंतप्रधानांच्या विज्ञान सल्लागार परिषदेनं २०२२ ला राष्ट्रीय वन हेल्थ मिशनला हिरवा कंदील दिला, त्यात डझनभर मंत्रालयं आणि विभाग आहेत. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरला राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची कोनशिला बसली. २०२५ च्या मार्चमध्ये जुनागढला वन्यजीवांसाठी राष्ट्रीय रेफरल केंद्राची पायाभरणी झाली. भोपाळची उच्चसुरक्षा पशुरोग संस्था, बरेलीची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था (आयव्हीआरआय), डेहराडूनची वन्यजीव संस्था, हैदराबादची संकटग्रस्त प्राण्यांवर काम करणारी प्रयोगशाळा लॅकोन्स या आधीपासून आहेतच. चांगलंच आहे, माझा विरोध नाही. पण जुनागढला जनुकं वाचणारा कितीही भारी सिक्वेन्सर बसवला तरी त्याच्या तोंडात काय जाणार? नारायणगावच्या मासळीवाल्याच्या बर्फातला तुकडाच ना?

दुसऱ्या देशांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. कॅनडानं १९९२ ला नवीन मोठी इमारत न बांधता पशुवैद्यकीय महाविद्यालयांना एका सहकारी जाळ्यात बांधलं. मेलेला प्राणी जवळच्या कॉलेजात जातो, नोंद सगळ्यांच्या सामायिक यादीत. ऑस्ट्रेलियाचं मला आणखी आवडतं. २००२ ला त्यांनी जे जाळं सुरू केलं, जे आज वाइल्डलाइफ हेल्थ ऑस्ट्रेलिया म्हणून ओळखलं जातं, ती मुळात प्रयोगशाळाच नाही. समन्वय करणारी मोजकी माणसं, प्रत्येक राज्यात एक ठरलेला समन्वयक, प्राणिसंग्रहालयांचे दवाखाने, काही खासगी दवाखाने, विद्यापीठं, आणि एक सामायिक डेटाबेस. तपासणी ज्याची तो करतो. यांचं काम फक्त एवढंच की अमुक ठिकाणी पोपट मरतायत हे तमुक ठिकाणच्या माणसाला वेळेत कळावं.

आपल्याकडे हेच करायचं तर मी वरून नाही, खालून सुरू करीन. मेलेला प्राणी सापडला की वनरक्षकाच्या मोबाइलवरून त्याला एक नंबर मिळावा. पंचनामा, शवविच्छेदन, व्हिसेरा, बर्फातला नमुना, सगळ्यांवर तोच नंबर. औंधला गेला तरी तोच, भोपाळला गेला तरी तोच. प्रयोगशाळेनं निकाल टाकला की ज्यानं ज्यानं त्या केसला हात लावलाय त्या सगळ्यांच्या फोनवर तो यावा, वनरक्षकाच्याही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. दहा नमुने पाठवून एकाचाही निकाल कळला नाही तर अकरावा नमुना कोण पाठवील? मी सुद्धा एका काळात थकून सोडून दिलं होतं. "कारण अज्ञात" लिहायचं, जाळायचं, घरी जायचं.

त्या नंबराशी तुमच्या दवाखान्याचं रजिस्टर जोडलं जावं. बिबट्याच्या जागेपासून दहा किलोमीटरमध्ये गेल्या महिन्यात कुत्री, गुरं, शेळ्या यांत काय होतं ते आपोआप समोर यावं. माणसांच्या बाजूला साथरोगांची नोंदयंत्रणा आहेच, तिच्यातून त्या गावचा ताप दिसावा. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेलं नाही. एका खात्याच्या नोंदी दुसऱ्याला दाखवायच्या म्हटलं की ज्या फायली हलत नाहीत, अडचण त्यांची आहे.

आणि न मेल्याची नोंद. हे ऐकून लोक हसतात. "या महिन्यात माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या गस्तीच्या हद्दीत, मेलेलं माकड दिसलं नाही, गस्त इतके दिवस घातली" हेही लिहून यायला हवं. नाहीतर एखाद्या बीटमधून एकही मृत्यू कळला नाही याचा अर्थ तिथं रोग नाही असा, की तिथं कोणी फिरकलंच नाही असा, हे सांगता येत नाही.

लपवाछपवीबद्दल स्पष्ट बोलतो, कारण सभेत ते कोणी बोलत नाही. वनाधिकाऱ्याला भीती असते की मृत्यू जाहीर केला तर चौकशी आपलीच. पशुसंवर्धनाला भीती कोंबडी बाजाराची. २००६ ला नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला तेव्हा काय झालं ते नंदुरबारकडच्या जुन्या माणसांना विचारा. म्हणून रानपक्ष्यांत कावळे मेले की दोन दिवस "उष्माघात" चालतो. खरं तर जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमांत साफ आहे की रानपक्ष्यांत बर्ड फ्लू सापडला म्हणून कोंबड्यांच्या व्यापारावर बंदी घालू नये. हे आपल्याच अनेक अधिकाऱ्यांना माहीत नसतं. लवकर सांगणाऱ्याला शिक्षा आणि उशिरा सांगणाऱ्याला "परिस्थिती नियंत्रणात" म्हणायची सोय, हा हिशेब उलटा केल्याशिवाय कुठलंही पोर्टल भरलं जाणार नाही. नागपूरच्या गोरेवाड्यात डिसेंबर २०२४ च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेले. नमुने वेळेवर भोपाळला गेले, निदान पटकन आलं, देशभरच्या प्राणिसंग्रहालयांना सूचना गेल्या. नमुना हलला की काय होऊ शकतं याचं हे चांगलं उदाहरण, प्राणी गेले ते वाईटच.

आणखी एक सावधगिरी. आम्ही डॉक्टर लोक मेलेला प्राणी दिसला की जंतू शोधत सुटतो. गिधाडांचं तसंच झालं. नव्वदच्या दशकात भरतपूरला बीएनएचएसच्या विभू प्रकाशांना गिधाडं मान टाकून बसलेली, मरताना दिसायला लागली. पुढं देशभर पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली. पहिली काही वर्षं सगळ्यांचा रोख विषाणूवर. पोट उघडलं की आतल्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर, म्हणजे मूत्रपिंड निकामी. २००४ ला पाकिस्तानात लिंडसे ओक्स यांच्या गटानं दाखवलं की हे डायक्लोफिनॅक आहे. आपणच गाईला वेदनेसाठी टोचलेलं, मेलेल्या गाईतून गिधाडात गेलेलं. २००६ ला जनावरांसाठी बंदी आली, मग लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या वापरायला लागले, म्हणून २०१५ ला त्या बाटलीला तीन मिलीची मर्यादा. केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकवर बंदी यायला २०२३ उजाडलं. ताई, हे थेट तुमच्या कपाटाशी येतं. गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम आहे ना, तेच वापरा. आणि समन्वयाच्या टेबलाभोवती औषध नियंत्रकाची खुर्चीही हवी, नुसत्या विषाणूवाल्यांनी भागणार नाही.

रोग सापडल्यावर करायचं काय, यावर मी थोडक्यात सांगतो, कारण पर्याय खरोखर थोडे आहेत. मोकळ्या जंगलातल्या प्राण्यांना पकडून लस टोचणं बहुतेक वेळा शहाणपणाचं नसतं. गीरसारखी जीवावर बेतलेली वेळ वेगळी. भोवतीच्या गावातली कुत्री आणि गुरं टोचा, उघडी मढी रानात टाकणं बंद करा, वाचवलेला प्राणी विलगीकरणाशिवाय दुसऱ्या जिल्ह्यात सोडू नका. उन्हाळ्यात भरलेल्या कृत्रिम पाणवठ्यावर एका गावची गुरं आणि चितळ एकत्र येतात, तिथंही लक्ष द्या. आणि कधी कधी काहीच करायचं नसतं, फक्त पाहत राहायचं आणि लिहायचं. हे वरिष्ठांना पटवणं सगळ्यात कठीण.

आता तुमचं. तुमच्या हातात राष्ट्रीय धोरण नाही, पण शिरूर आहे. तिथं बिबट्याही आहे, लांडगाही, मेंढपाळांचे कळप आणि कळपांबरोबरची कुत्रीही. तुमच्या वनक्षेत्रपालांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना एकदा चहाला बोलवा, पत्र पाठवू नका. फोन नंबर घ्या. दवाखान्यात एक डबा तयार ठेवा: मिठाची बरणी, फॉर्मॅलिनची रुंद तोंडाची बरणी, झाकणाच्या निर्जंतुक नळ्या, ग्लोव्ह्ज, मास्क, पेन्सिल, चिकटपट्टी, आणि फ्रीझरमध्ये चार जेल पॅक. नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळं, न गोठणारं रक्त आलं असेल तर सुरी उचलायचीच नाही. कानातून रक्ताची काचपट्टी घ्यायची, काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, नाही हे बघायचं, मग पुढचं. झटक्यांची पिल्लं ओळीनं तीन आली तर त्याच संध्याकाळी वनरक्षकाला सांगा, महिन्याच्या अहवालाची वाट पाहू नका.

एक मजेशीर गोष्ट सांगून थांबतो. महाराष्ट्रात वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आणि पशुसंवर्धनाची १९६२. आकडे तेच, नुसती अदलाबदल. गावातला माणूस घाबरलेला असतो, त्याचा फोन हमखास चुकीचा लागतो. मी निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षी माझ्याकडे असाच एक फोन फिरत फिरत आला, "इथं कोल्हं पिसाळलंय, तीन जागी फोन केला, सगळे म्हणतात आमचं नाही." मी विचारलं, कुठून बोलताय. तुमचंच शिरूर. नमुना बर्फात गेला, दोन दिवसांत निकाल आला, चावलेल्या दोन माणसांना इंजेक्शनं वेळेत मिळाली. बॉक्सवर मी मार्करनं एकच नंबर लिहिला होता, त्या माणसाच्या मोबाइलचा.